लेकीकडं पाठवलेली बरणी

हॅलो?… हां, कोंबडीखाद्याचा कारखाना, चिकलठाणा… तपासणीची खोलीच आहे ही. कोण पाहिजे?… लीलाबाई? मीच बोलते… जरा मोठ्यानं बोला, भिंतीपलीकडं चक्की चालू आहे, काही ऐकू येत नाय… कोण? बाना? अगं, तू होय. मला वाटलं परत आमचे साहेब.

नाय गं, रागावले नाय. आवाजच असा झालाय माझा. सकाळपासून फोनवर फोन. साहेबांचा, गोदामाचा, सिल्लोडच्या दुकानदाराचा… व्हय, दमले. पुंडलिकनगरात तसं सगळं शांत आहे, पण ठिकठिकाणी पोलीस उभे, आन् रिक्षावाले इकडं यायला तयार नाहीत. पायीच येते रोज. पायी जाते… अगं चालायचं काय कौतुक, धनगराच्या लेकीला. पण आप्पाच्या मागं चालत होते तेव्हा वय वेगळं होतं.

तू कुठून बोलतीस? अजिंठ्याहून?… शफीभाईच्या बूथवरून. बरं. मुंजा आहे ना सोबत?… एकटीच? घरापासून तिथवर एकटी चालत आलीस? कामून गं?… त्याला न सांगता आलीस.

थांब. बाना, रडू नको. रडलं की फोनमध्ये नुसती खरखर येते, मला काही कळत नाय. शफीभाईकडून पाणी घे. स्टुलावर बस… घेतलंस?… हां. आता सांग. आणखी कोंबड्या मेल्या का?

अर्धं शेड.

अगं बाई. परवा तर कडेचा एक कप्पाच म्हणत होतीस… पांढरी हगवण. पंख पाडून कोपऱ्यात गोळा होतात… व्हय, व्हय, तसंच होतं. मेलेली पुरली ना? चुना टाकून?… कुत्र्यांना नाय ना घातली?… हां, ते बरं केलंस.

मुंजा जेवतो का नीट?… नाय जेवत. कसा जेवेल. आप्पा गेल्यावर मेंढरं विकून उभं केलं माझ्या भावानं ते शेड. नवरा-बायको दोघं मिळून विटा वाहिल्या तुम्ही. आन् मीच म्हणलं होतं त्याला, बांध, खाद्याची काळजी करू नको, आमच्याच कंपनीचं घे, मी स्वतः तपासते… नाय, तू म्हणत नाहीस गं. मीच म्हणते. मायच्या पुढं उभं राहायचं म्हणलं तरी जीव नको होतो.

बरं बोल ना. कशासाठी आलीस एवढी?… बोल, शफीभाई आपलेच आहेत. त्यांच्यादेखत बोललीस तरी काही बिघडत नाय.

कोण म्हणतं असं?

मुंजा म्हणतो? धोंडिबानं विष घातलं?

बाना, कोणता धोंडिबा? आपले धोंडिबाकाका? शेडात पाणी भरतात ते?… अगं, आप्पाच्या वेळपासून आहेत ते आपल्यात. आप्पा मेंढरं घेऊन खाली घाटाखाली उतरायचा तेव्हा घर कोणाच्या भरवशावर असायचं? मला खांद्यावर बसवून अजिंठ्याच्या बाजाराला नेलंय त्यांनी. मुंजाला पण नेलंय. तो विसरला असेल, मी नाय विसरले.

हां… हां… संक्रांतीच्या दिवशी. विद्यापीठाचं नाव बदललं त्या दिवशी… व्हय, काकांच्या वस्तीत निळे झेंडे लावले, पेढे वाटले. वाटणारच की. किती वर्षं झगडली ती माणसं, घरं जळाली त्यांची, मग दोन पेढे पण वाटू नयेत का?… आपल्याकडं पण आणून दिला होता काकांनी. मायनं खाल्ला?… खाल्ला ना. आन् तिनं तिळगूळ दिला. मग झालं की. मग भांडण कुठून आलं?

…दुसऱ्या दिवसापासून पक्षी मरायला लागले. म्हणून.

हं. एवढाच पुरावा.

कोण भरवतं गं त्याच्या डोक्यात हे?… चावडीवरची पोरं. त्यांना आधीच त्या नावाचा राग, आता आयता माणूस सापडला. इथं पण आहेत असे. काल एक जण मला विचारतो, लीलाताई, तुमच्या पदवीवर आता कोणतं नाव? म्हणलं, जुनं आहे बाबा, पण त्यानं मला जंतू काही वेगळे दिसत नाहीत. जाऊ दे. तू बोल. चावडीवर काय ठरलं?

…काय? परत सांग.

…मी म्हणले म्हणून?

हां, दिला होता निरोप. कालच दिला, ह्याच फोनवर शफीभाईंना सांगितलं. खाद्य साफ आहे, जंतू निघाले नाहीत म्हणून. तुमच्या जिवाला बरं वाटावं म्हणून घाईघाईनं दिला… आन् मुंजानं त्याचा अर्थ असा लावला. खाद्य साफ, म्हणजे विषच. आन् शेडात रोज जाणारा घराबाहेरचा माणूस एकच.

देवा.

कधी जाणार आहेत वस्तीवर?… दिवेलागणीला. कशाला?… जाब विचारायला. काठ्या घेऊन जाब विचारतात का गं कोणी.

धोंडिबाकाका काय म्हणतात?… काहीच नाय. घरात बसून आहेत. का बाहेर पडत नाहीत?… त्यांची भागूबाई आजारी आहे. काय झालं तिला?… जुलाब. ताप पण?… कधीपासून?

बाना, एक विचारते. नीट आठवून सांग. तिनं आपल्या शेडातली कोंबडी खाल्ली होती का?… मुंजानंच दिली होती. कधी?… संक्रांतीच्या आधी. मलूल दिसत होती म्हणून, मरायच्या आत कापून खा म्हणून… म्हणजे पेढे वाटायच्या आधीच पक्षी मलूल व्हायला लागले होते. मग तुम्ही…

नाय, काही नाय. विचार करते… अगं, विष घातलेली कोंबडी माणूस आपल्या बायकोला खाऊ घालील का? एवढं तरी डोक्यात यायला पाहिजे… तू बोललीस त्याला? मग?… गप बस म्हणला. हं. आपल्या घरात बायकांना हेच ऐकायचं असतं. मला पण लई ऐकावं लागलं, पण मी लांब आले, तू तिथंच आहेस.

ए थांब हं, ठेवू नको. माझ्यापुढं एक काम चालू आहे, त्यात थेंब टाकायची वेळ झाली. धर जरा…

हां, आले. रिसीव्हर मानेत धरलाय, बोल तू.

हे ना? हा आमच्याकडचा नमुना लावलाय. अगं, माल तयार झाला की प्रत्येक वेळी त्यातलं थोडं आम्ही इथं कपाटात राखून ठेवतो. तुमच्या पोत्यांवर जो शिक्का आहे ना, त्याच मालातलं. तुमची बरणी मी तपासायला घेतली, तर दुसऱ्या दिवशी साहेब म्हणले, आपल्याकडचं पण लावून टाका, दोन्ही साफ निघालं की विषय मिटला. म्हणून ह्याचा निकाल एक दिवस मागं आहे. आता लहान लहान वाट्यांत रंगाचा थेंब टाकला… इडलीपात्र असतं बघ, तसं, पण करंगळीचं टोक जाईल एवढ्याच वाट्या. जंतू असले तर वाटी जांभळी होते. नसले तर पाण्यासारखी राहते… नाय, लगेच नाय. थोडा वेळ लागतो. पण जुन्या पद्धतीनं आठवडा जायचा. तोपर्यंत खाद्य पण संपायचं आन् पक्षी पण.

कसं म्हणजे… आधी ते खाद्य कोमट रश्शासारख्या पाण्यात ठेवायचं, उबेच्या कपाटात. अंडी उबवतात तसे जंतू उबवायचे. एकटा-दुकटा जंतू कोणाच्या हाती लागत नाय, त्याचं खटलं वाढलं की मग सापडतो.

हसलीस. बरं वाटलं बघ.

तुमची बरणी पण अशीच उबवली होती. एक पण वाटी रंगली नाय… नाय गं, औषधं चांगली होती. बाजूला आम्ही मुद्दाम एक जंतूवाली वाटी ठेवतो, ती झाली होती की जांभळी. म्हणून तर मी लगेच फोन केला.

पण बाना, ते भागूबाईचं ऐकून मन खातंय. बरणी भरली कोणी?… तू. मी सांगितलं तसंच ना?… बरणी उकळली. चमचा उकळला. हात साबणानं धुतले… वरवरचं नाय ना घेतलं? पोत्याच्या मधलं… हां. शाबास गं. मग झाकण लावून शफीभाईच्या जीपमध्ये. एस.टी. बंद होती तेव्हा. बिचाऱ्यांनी गुलमंडीच्या बाजारात जायच्या आधी माझ्याकडं आणून दिली, चहासाठी पण थांबले नाहीत.

मध्ये कोणी उघडली नव्हती ना?… घरात कुठं ठेवली होती?… देव्हाऱ्यापाशी. बरं, ठेवली तर ठेवली. झाकण लावूनच ना?

बाना?

…कशाला उघडलं मायनं?

…काय टाकलं?

भंडारा.

…किती?… मूठभर. मायची मूठ म्हणजे…

नाय. नाय गं, तुझी काही चूक नाय. ऐक ना. ऐक, रडू नको परत… व्हय, माहीत आहे मला. संक्रांतीचा महिना, लेकीकडं जाणारी बरणी कोरडी कशी पाठवायची. मेंढरं चरायला लांब निघाली की पहिल्या मेंढीच्या पाठीवर असाच टाकायची ती. मी औरंगाबादला शिकायला निघाले तेव्हा माझ्या ट्रंकेत टाकला होता, सगळी पुस्तकं पिवळी झाली होती. पोरी हसायच्या मला. मलाच आठवायला पाहिजे होतं. चमचा उकळ, हात धू, सगळं सांगितलं तुला, आन् मायला बरणीजवळ जाऊ देऊ नको एवढं सांगायचं राहिलं.

काय होतं म्हणजे? भंडारा म्हणजे हळदच ना गं. हळद आपण जखमेवर कशाला लावतो?… मग. जखम चिघळू नये म्हणून. जंतू वाढू नयेत म्हणून. आन् मी त्याच जंतूंना उबवायला बसले होते, मूठभर हळदीत. ते कशाला वाढतात. दबून बसले असतील… असतील म्हणते. होते की नव्हते ते आता त्या बरणीवरून कोणालाच सांगता यायचं नाय. काल मी साफ म्हणले, त्याला काही अर्थ राहिला नाय, एवढं खरं.

दिसलं की. पिवळं दिसलं मला. मक्याचं खाद्य पिवळंच असतं. झाकणाच्या आतल्या अंगाला पण जाड पिवळं लागलं होतं, मी मक्याचा भुगा समजले. आन् खाद्यातल्या त्या मासळीच्या भुकटीच्या वासात हळदीचा काय पत्ता लागतो… नाय गं, मायला कशाला बोल लावू. तिनं तिच्या परीनं लेकीला आशीर्वाद पाठवला.

थांब. मोहियोद्दीनभाई, एक मिनट. वो गाडी कौन से माल की भरी?… वहीच ठप्पा?… अभी गेट पेच रोको ना उसको. नहीं, साहब को मैं बोलती, आप बस निकलने मत दो… हां, जिम्मेदारी मेरी.

हां बाना. गोदामाचे मोहियोद्दीनभाई आलते. त्याच मालाची गाडी भरून उभी आहे, कन्नडला चालली होती… व्हय, तिकडं पण असेल कोणाचं तरी शेड.

आता नीट ऐक. उरलेली पोती तोंड बांधून बाजूला ठेव. एक दाणा कोणाला घालू नको, शेळीला नाय, परसातल्या कोंबडीला पण नाय. अंडी कोणी कच्ची खाऊ नका. आन् भागूबाईला मीठ-साखरेचं पाणी पाजायला पाहिजे, सारखं, घोट घोट. दवाखान्यात न्यायला पाहिजे खरं तर… तू जा तिच्याकडं… जाऊ देत नाय. हं. आन् तिच्या घरचं कोणी बाहेर पडत नाय ह्यांच्या भीतीनं. म्हणजे बाई तशीच पडून.

वाट्या? बघते. अजून नाय नीट. जंतूवाली चढायला लागली, ती चढणारच. आमच्या दोन… खिडकीजवळ नेऊन बघावं लागेल. वायर पुरत नाय फोनची.

काय झालं? कोण आलं?

मुंजा? तिथं?… बाना, घाबरू नको. फोन ठेवू नको. दे त्याच्याकडं… दे म्हणते ना. मी आहे.

हां, मुंजा. अरे, बूथवर उभा राहून बायकोवर कशाला ओरडतोस. तिनं फोन केला तो मला केला, परक्याला नाय… ऐकलं मी सगळं… बोल. बोलून घे.

…

झालं? आता माझं ऐक. काल मी जो निरोप दिला तो धरू नको… व्हय, मीच दिला. मीच आता म्हणते, धरू नको. बरणीत मायनं भंडारा टाकला होता… हसतोस काय. हळदीत जंतू वाढत नाहीत. मला ते दिसायला पाहिजे होते, दिसले नाहीत.

भंडाऱ्याला नावं ठेवते असं कुठं म्हणले मी? त्यानं त्याचं काम केलं. चूक माझी झाली. पण माझ्या चुकीवर तू काठी उचलू नको.

धोंड्या काय म्हणतोस रे? काका म्हणायचास. तापानं फणफणला होतास तेव्हा रात्रभर कोणी उचलून धरलं होतं तुला? आप्पा नव्हता घरी. तुला सांगितलंय मायनं किती वेळा… व्हय, दिवस बदलले. तुमच्यासाठी बदलले. त्यांनी तर पेढाच आणून दिला होता.

बरं, दुसरं विचारते. भागूबाईला कशानं झालं?… नाटक? जुलाबाचं नाटक करता येत नाय, मुंजा. तू दिलेली कोंबडी खाल्ली तिनं. तू. तुझ्या हातानं दिलीस. त्यात विष असतं आन् ते काकांनी घातलं असतं, तर ती त्यांच्या चुलीवर शिजली असती का?

बोल ना.

थांब. धर फोन तसाच. खिडकीजवळ जाऊन आले. थांब, कुठं जाऊ नको.

…

…हॅलो. आहेस?

आला रंग. आमच्याकडच्या नमुन्याच्या दोन्ही वाट्या जांभळ्या झाल्या. साफ पाण्याची वाटी तशीच आहे, बिनरंगाची. दोनदा बघितलं मी… म्हणजे काय विचारतोस? म्हणजे आमच्या मालात जंतू आहेत. ज्या मालाची पोती तुझ्याकडं आली, त्यातच. हाडांच्या चुऱ्यातून आले की मासळीच्या भुकटीतून, ते मग शोधू. पण इथून आले. तुझ्या शेडात मर आणली ती माझ्या कारखान्यानं, धोंडिबाकाकांनी नाय.

हां. बरोबर आहे तुझं. काल एक, आज एक. तुझ्या जागी मी असते तरी नसता विश्वास ठेवला… पक्की तपासणी बाकी आहे, करणारच आहे, पण तिला आठवडा लागेल. तुम्ही तर दिवेलागणीला निघालात. तेवढ्यात मी काय आणू तुझ्यापुढं?

…कोणाला वाचवते मी? अरे, वाचवायचंच असतं तर काल साफ म्हणले तिथंच गप बसले असते. कंपनी खूश, साहेब खूश. आता हे कागदावर लिहून त्यांच्यापुढं ठेवायचंय मला. त्यानंतर इथं बसू देतील की नाय, मला माहीत नाय. कंपनीची मागून, आधी तुझी बहीण आहे मी. तुझं अर्धं शेड मेलं, त्यात माझं पण मेलं. मीच तुला ह्या खाद्याची हमी दिली होती, मुंजा. मला झोप लागत नाय.

…पुस्तकातलं नको म्हणतोस. बरं. नको.

मग हे ऐक. बघता येत नाय तुला, ऐक फक्त. मायची बरणी इथं माझ्या पुढ्यात आहे. झाकण काढलं… आत भंडारा आहे अजून चिकटलेला. देव्हाऱ्यातला. मायच्या हातचा… घेतला मी मुठीत.

व्हय. उचलला.

आप्पाची लेक म्हणून सांगते. खंडोबाचा भंडारा हातात घेऊन सांगते. पक्षी खाद्यानं मेले. धोंडिबाकाकांनी काही केलं नाय.

…

मुंजा?

भंडारा उचलून आपल्यात कोणी खोटं बोललं नाय आजवर. तुला माहीत आहे. मी शिकले, शहरात आले, केस कापले म्हणून तुम्ही सगळे हसलात, पण हे मी विसरले नाय.

ऐकतोस ना?… मुंजा… हॅलो?

हॅलो… कौन, शफीभाई?… जी, सलाम. कहां गया वो?… चाबी? जीप की चाबी मांगा?… आपने दी?… अच्छा किया, भाई. बहुत अच्छा किया. ज़रा बाना को देते क्या?

बाना, कुठं गेला तो?… वस्तीकडं. काठी?… तिथंच टाकली. बूथच्या दारात. मग कशाला गेला?… नीट सांग, काय म्हणला? तोंडानं काय म्हणला?

"आधी भागूबाईला सिल्लोडला नेतो, चावडीवर मग बघू."

असं म्हणला.

…रडते, व्हय. रडू दे गं जरा. दमले की लवकर रडू येतं.

हां. झालं. चावडीवर त्यानं काय सांगायचं, ते विचारतीस? खरं ते सांगायचं. बहिणीच्या कंपनीचं खाद्य खराब निघालं म्हणावं. मला शिव्या बसू दे, मी काही तिथं ऐकायला नाय. आन् कोणी नाय ऐकलं तर मायला पुढं कर. तिनं बरणीत काय टाकलं ते तीच सांगेल, तिला खोटं पाडायची कोणाची छाती नाय… पण तिला असं बोलू नका की तुझ्यामुळं झालं. ती जेवायची नाय चार दिवस. मी येऊन सांगते तिला, माझ्या पद्धतीनं.

अजून एक. नवीन नमुना पाठवशील? पक्क्या तपासणीला तुमच्या पोत्यातलं पण पाहिजे, साहेब म्हणतील, गावात जाऊन बिघडलं असेल. तसंच, उकळलेल्या बरणीत. झाकण लावलं की वरून चिकटपट्टी गुंडाळ आन् तू स्वतः शफीभाईच्या हातात दे… माय ऐकायची नाय. व्हय, नाय ऐकायची. कोरडी बरणी जाऊ देणार नाय ती.

मग असं कर. तिला म्हण, भंडारा वेगळ्या पुडीत बांधून दे. पुडी बरणीला बाहेरून दोऱ्यानं बांध… लीलानं मागितलाय म्हणावं… नाय, तिचं मन राखायला नाय गं. खरंच पाहिजे मला. मालक यायचेत मुंबईहून, त्यांच्यापुढं उभं राहायचंय हा अहवाल घेऊन. कपाळाला लावून जाईन म्हणते… हसणारे हसू दे.

जा आता. अंधारायच्या आत घरी पोच. शफीभाईंना म्हणावं, सोबत द्या कोणाची तरी… हां… हां गं. मुंजा दवाखान्यातून आला की मला कळव, कितीही वाजू दे. इथंच आहे मी.

ठेव तू आधी… मी ना? मला हात धुवायचेत. अगं, त्या बरणीत घातलाय ना हात. जंतूच्या बरणीत घातलेला हात लगेच साबणानं धुवायचा, नियमच आहे इथला… धुते गं. भंडारा आहे ना मुठीत अजून. जरा वेळ राहू दे, मग धुते.

ठेव.